संगणकाची हलकी प्रणाली : तारीख आधी ठरते, माल नंतर तयार होतो

कापडाच्या धंद्यात हंगाम कोणाची वाट पाहत नाही. ईदचा चंद्र दिसला की गिऱ्हाईक घरी, आणि गोदामात पडून राहिलेल्या गाठीचा भाव दुसऱ्या दिवशीपासून खाली. म्हणून आम्ही व्यापारी सूत, माग, रंगाई आणि शिवण यांचा हिशेब चार-सहा महिने आधी मांडतो. हाच हिशेब कापडाशी काहीही संबंध नसलेली मंडळी कसा मांडतात, ते आज या पानावर पाहू. ही मंडळी संगणक चालविणारी प्रणाली तयार करतात. त्यातील पुष्कळजण पगार न घेता काम करतात, माल फुकट वाटतात, आणि तरीही दिलेली तारीख पाळतात. ती कशी पाळतात, हे समजून घेण्यासारखे आहे.

या विषयात आम्ही हौसेने पडलो नाही. मायक्रोसॉफ्ट कंपनीने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी ‘विंडोज १०’ या प्रणालीचा नेहमीचा पाठिंबा बंद केला. पुढची ‘विंडोज ११’ जुन्या यंत्रांवर रीतसर बसत नाही. तिला ठराविक सुरक्षा-चिप आणि त्यामानाने नवा प्रोसेसर लागतो. आमच्या पेढीवरील तीन संगणकांपैकी दोन या अटीत नापास झाले. भंगारवाल्याला बोलावणार तोच भाचा म्हणाला, “मामू, डबे चांगले आहेत, फक्त आतली प्रणाली बदला.” त्याने एका डब्यावर ‘लुबुंटू’ नावाची प्रणाली बसविली. बिलांची पत्रे, मेल, भावाचे तक्ते ही सर्व कामे त्यावर होऊ लागली. मात्र एक गोष्ट आधीच सांगतो : विंडोजसाठी लिहिलेला हिशेबाचा प्रोग्रॅम तिच्यावर जसाच्या तसा चालत नाही. म्हणून हिशेबाचा संगणक आम्ही वेगळा ठेवला आहे. कोणी ‘सगळे चालते’ असे सांगत असेल तर आधी आपला प्रोग्रॅम त्याच्यासमोर चालवून पाहावा.

गाठ कोण बांधतो?

लिनक्स ही एका कंपनीची चीज नव्हे. १९९१ साली फिनलंडमधील हेलसिंकी विद्यापीठात शिकणाऱ्या लिनस टोरवाल्ड्स याने प्रणालीचा गाभा लिहायला घेतला व पुढच्याच वर्षी तो जीपीएल या खुल्या परवान्याखाली आणला. या परवान्याचा मतलब असा की माल कोणीही वापरावा, बदलावा, वाटावा, विकलासुद्धा तरी हरकत नाही. पण बदललेला माल दुसऱ्याला देताना त्याची मूळ घडण लपवून ठेवायची नाही.

आता नुसता गाभा घेऊन दुकानदाराला काही करता येत नाही. त्यावर पडद्यावरील खिडक्या, फायलींचे कपाट, लिहिण्याचे साधन, छपाईची सोय, सर्व काही लागते. आणि यातील प्रत्येक वस्तू वेगळा कारागीर, वेगळ्या देशात बसून बनवितो. आपल्याकडे सूत एकाचे, माग दुसऱ्याचा, रंगाई तिसऱ्याची असते आणि व्यापारी सर्व जमवून गाठ बांधतो व तिच्यावर आपला छाप मारतो. लिनक्सच्या दुनियेत गाठ बांधणाऱ्याच्या मालाला ‘डिस्ट्रिब्यूशन’ म्हणतात. इयान मर्डॉक याने १९९३ मध्ये सुरू केलेले डेबियन हे त्यातील एक जुने घराणे. डेबियनचाच माल घेऊन २००४ साली उबुंटू निघाले. उबुंटू अंगाने भारी होऊ लागले तेव्हा काही मंडळींनी त्याच वखारीतील माल घेऊन, वरचे जड पडदे काढून, हलकी गाठ बांधली. तिचे नाव लुबुंटू. पहिली आवृत्ती मे २०१० मध्ये आली, आणि ऑक्टोबर २०११ च्या ११.१० या आवृत्तीपासून तिला उबुंटू परिवारात अधिकृत जागा मिळाली.

या आकड्यांतच गंमत आहे. ११.१० म्हणजे २०११ चा दहावा महिना, २४.०४ म्हणजे २०२४ चा चौथा. मालाच्या नावातच वायदा लिहिलेला! दर एप्रिल आणि दर ऑक्टोबरला नवी आवृत्ती आणायची, असा या घराचा रिवाज. हा वायदा एकदा ठळकपणे मोडला : २००६ ची एप्रिलची आवृत्ती सहा आठवडे उशिरा, जूनमध्ये आली, तेव्हा तिचे नावही ६.०४ न राहता ६.०६ झाले. डेबियनची रीत याच्या उलट. माल पक्का झाला की तारीख सांगू, असे त्यांचे म्हणणे. त्यांची ३.० ही आवृत्ती जुलै २००२ मध्ये आली आणि ३.१ थेट जून २००५ मध्ये. जवळजवळ तीन वर्षे! दोन्ही पद्धतींत ईमानदारी आहे. पण ज्याला हंगाम पकडायचा आहे त्याला पहिलीच पद्धत शिकावी लागते, आणि ती अधिक अवघड आहे. तारीख हलत नाही म्हटल्यावर हलवायला एकच गोष्ट उरते, ती म्हणजे मालाची यादी.

काय घ्यायचे यापेक्षा काय सोडायचे

हलक्या प्रणालीचे नियोजन सोडण्यापासून सुरू होते. लुबुंटूने आरंभी ‘एलएक्सडीई’ नावाचा पडदा वापरला. तैवानच्या हाँग जेन यी याने २००६ मध्ये तो सुरू केला होता. तो ज्या जुन्या साच्यावर विणला होता तो साचा कालबाह्य होत गेला, आणि त्याच घराण्याचा नवा साचा जड निघाला. तेव्हा मूळ कारागिराने २०१३ मध्ये दुसऱ्या साच्यावर प्रयोग केले. त्यातून आणि दुसऱ्या एका मंडळीच्या कामाच्या मिलाफातून ‘एलएक्सक्यूटी’ हा नवा पडदा जन्मला.

आता लुबुंटूने काय करावे? नवा पडदा ताबडतोब उचलावा की जुनाच चालवावा? त्यांनी बदलाचा इरादा जाहीर केला, पण अनेक आवृत्त्यांना तो पुढे ढकलला. लोकांनी टोमणे मारले. शेवटी ऑक्टोबर २०१८ च्या १८.१० मध्ये बदल केला. हाच मुहूर्त का? उबुंटू परिवारात दर दोन वर्षांनी एप्रिलमध्ये दीर्घ मुदतीची आवृत्ती निघते. लुबुंटू तिला तीन वर्षे सांभाळते. मधल्या आवृत्त्यांना फक्त नऊ महिने पाठिंबा असतो. १८.०४ ही दीर्घ मुदतीची आवृत्ती जुन्या, खात्रीच्या पडद्यावर गेली. तिच्या पाठोपाठच्या १८.१० मध्ये नवा पडदा आणि नवे बसविण्याचे साधन आले. पुढे १९.०४ आणि १९.१० या दोन छोट्या आवृत्त्यांत कुरबुरी निघाल्या, दुरुस्त झाल्या, आणि एप्रिल २०२० च्या २०.०४ ला तो माल लांब पल्ल्याच्या गिऱ्हाइकाला दिला. म्हणजे मोठा बदल हंगाम संपताच करायचा, म्हणजे पुढच्या मोठ्या हंगामाला दीड वर्ष हातात राहते. आपल्यापैकी किती लोक नवा डिझाइनचा माग ईदनंतरच्या मंदीत लावतात? आम्ही तरी लावत नव्हतो.

जुन्या ३२-बिट यंत्रांचा निर्णयही याच सुमारास झाला. डिसेंबर २०१८ मध्ये लुबुंटूने जाहीर केले की १९.०४ पासून त्या यंत्रांसाठी गाठ बांधणार नाही. हलकी प्रणाली म्हणजे जुन्या यंत्रांचाच आधार. तेव्हा गरिबाचे यंत्र टाकून दिले, अशी ओरड झाली. ती आम्हालाही पटण्यासारखी वाटली, कारण आमच्या गोदामात तसलाच एक डबा आहे. पण दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. दोन प्रकारच्या यंत्रांना माल द्यायचा म्हणजे प्रत्येक तपासणी दोनदा. आणि तपासणारे हात मोजकेच. न तपासलेला माल ‘गरिबासाठी’ म्हणून देणे ही सेवा नव्हे. त्यांनी त्या लोकांना वाऱ्यावरही सोडले नाही : १८.०४ त्या यंत्रांवर चालत होती आणि तिची मुदत एप्रिल २०२१ पर्यंत होती. सव्वादोन वर्षांची नोटीस झाली. पुढे खुद्द डेबियननेही ऑगस्ट २०२५ च्या १३ व्या आवृत्तीत ३२-बिट यंत्रांसाठी गाभा व बसविण्याचे साधन देणे थांबविले.

एक तक्रार मात्र आमची राहील. २२.०४ पासून उबुंटूच्या वखारीतून फायरफॉक्स हा ब्राउझर ‘स्नॅप’ नावाच्या बंदिस्त पेटीतून येऊ लागला आणि लुबुंटूलाही तो तसाच घ्यावा लागला. जुन्या डब्यावर तो पहिल्यांदा उघडताना चहा पिऊन होतो. पडदा कितीही हलका केला तरी आजकाल सर्वांत जास्त स्मृती ब्राउझरच खातो, आणि नेमका तोच गाठ बांधणाऱ्याच्या हातात नाही. दुसऱ्याच्या वखारीतून माल उचलणाऱ्याची ही मर्यादा आहे.

२०२४ चा वसंत

आता एकाच आवृत्तीचे कॅलेंडर घेऊन पाहू, म्हणजे पाठ पक्का होईल. लुबुंटू २४.०४ ची तारीख होती गुरुवार, २५ एप्रिल २०२४. (उबुंटू परिवाराच्या आवृत्त्या गुरुवारी निघतात. आमच्याकडे शुक्रवारी माग बंद, म्हणून गाडी गुरुवारीच भरण्याची घाई असते. ही खूण आम्हाला चटकन लक्षात राहिली.) या तारखेपासून मागे मोजत टप्पे बांधलेले होते. २९ फेब्रुवारीला पहिले कुलूप : यानंतर नवी सोय आत घ्यायची नाही, आत आहे तिच्यातील दोष काढायचे. मार्चमध्ये दुसरे कुलूप : पडद्याचे रूप बदलायचे नाही, म्हणजे माहितीपुस्तिका लिहिणाऱ्याची चित्रे खोटी ठरत नाहीत. मग शब्दांचे कुलूप : पडद्यावरील वाक्ये बदलायची नाहीत, कारण मराठी असो की उर्दू, भाषांतर करणाऱ्याला ठरलेला मजकूर हातात मिळाल्याशिवाय त्याचे काम पुरे होत नाही. त्यानंतर चाचणीची प्रत, आणि शेवटच्या टप्प्यात एकूण एक कुलूप.

कुलपाला किल्ली असते. एखादी वस्तू उशिरा आत घ्यायचीच असेल तर अर्ज करायचा : गरज काय, धोका काय, तपासले कोणी. मंजूर झाला तर दार उघडते. गाभ्याची गोष्ट वेगळी. लिनक्सचा ६.८ हा गाभा १० मार्च २०२४ रोजी, म्हणजे पहिल्या कुलपानंतर बाहेर आला, तरी तो घेण्यात आला. ही सवलत ऐन वेळी दिलेली नव्हती; गाभ्याची मुदत स्वतंत्र आहे आणि तोच घेणार हे आधी सांगितलेले होते. लग्नाच्या वऱ्हाडात ज्याची गाडी उशिरा येणार हे आठ दिवस आधी माहीत असते, त्याच्यामुळे खोळंबा होत नाही.

कॅलेंडर असे आखून झाले असताना २९ मार्चला गडबड उडाली. फाइली दाबून लहान करणारे ‘एक्सझेड’ नावाचे एक छोटे साधन आहे. ते जवळपास प्रत्येक लिनक्स गाठीत असते, पण त्याचे नाव कोणी घेत नाही. मायक्रोसॉफ्टमध्ये काम करणाऱ्या आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला आपल्या यंत्रावर दुरून प्रवेश करताना नेहमीपेक्षा सुमारे अर्धा सेकंद जास्त लागतो असे दिसले. दुसऱ्याने दुर्लक्ष केले असते. त्याने धागा ओढत नेला आणि एक्सझेडच्या ५.६.० व ५.६.१ या ताज्या आवृत्त्यांत चोरदरवाजा निघाला! हे साधन एक माणूस वर्षानुवर्षे जवळजवळ एकटा सांभाळत होता. ‘जिया तान’ या नावाने कोणीतरी दोन वर्षांहून अधिक काळ त्याला मदत केली, भरवसा कमावला, हळूहळू चाव्या हातात घेतल्या आणि मग आत विष कालवले. गल्ल्यावर दोन वर्षे चोख बसलेला नोकर जसा एके दिवशी तिजोरीवर हात मारतो, तसेच हे झाले.

चाचणीची प्रत ४ एप्रिलला निघणार होती. बिघडलेला माल ठरलेल्या आवृत्तीत पोहोचला नव्हता, परंतु वखारीच्या अंगणात येऊन पडला होता; ज्या यंत्रांवर पाकिटे बांधली जात होती तेथे त्याचा स्पर्श झाला असेल, अशी शंका उरली. शंका असलेल्या मालाचे काय करायचे? येथे उबुंटूच्या मंडळींनी जे केले त्याला आम्ही सलाम करतो. त्यांनी २६ फेब्रुवारीनंतर बांधलेली सर्व पाकिटे बाजूला सारून ती स्वच्छ जागेत पुन्हा बांधण्याचे ठरविले आणि चाचणीची प्रत एक आठवडा पुढे नेली. नवी तारीख ११ एप्रिल. आपल्या महाराष्ट्रात त्याच दिवशी रमजान ईद होती. आम्ही दुकान बंद करून ईदगाहहून परतलो तेव्हा तिकडे ती मंडळी पुन्हा बांधलेला माल चाचणीसाठी खुला करीत होती.

शेवटची तारीख मात्र त्यांनी हलविली नाही. २५ एप्रिल म्हणजे २५ एप्रिल. कारण सोपे आहे : कुलपे वेळेवर लावलेली असल्यामुळे पुन्हा बांधायचा माल ठरलेला होता. रोज नवी वस्तू आत येत राहिली असती तर काय पुन्हा बांधायचे हेच ठरले नसते.

आणखी एक प्रसंग याच पंधरवड्यातला. १७ एप्रिलला, आवृत्तीच्या आठ दिवस आधी, एलएक्सक्यूटीची २.० ही नवी आवृत्ती नव्या साच्यावर विणून बाहेर आली. लुबुंटूचा पडदा तोच, कारागीर ओळखीचे, माल ताजा. मोह कोणाला होणार नाही? लुबुंटू २४.०४ मात्र नोव्हेंबर २०२३ च्या १.४ वरच निघाली. २.० ला त्यांनी १० ऑक्टोबर २०२४ च्या २४.१० मध्ये जागा दिली. तीन वर्षे चालवायच्या गाठीत आठ दिवसांची वस्तू घातली नाही.

हे वाचताना आम्हाला आमचाच एक हंगाम आठवला. ईदला दहा दिवस उरले असता रंगाईवाल्याने गडद फिरोजी रंगाचा नमुना आणला. रंग असा की नजर हटू नये. आम्ही एक ताका पाहिला, हाताने चोळला, आणि ठरलेली फिकट छटा रद्द करून सर्व ग्रे कपडा त्या रंगात टाकला. पाण्यात घालून पाहायला एक दिवस लागला असता. तो आम्ही दिला नाही. पहिल्या धुलाईत रंग सुटला. ईदच्या तिसऱ्या दिवसापासून माल परत येऊ लागला तो महिनाभर येत राहिला. रंगाईवाल्याचे नाव घेण्यात अर्थ नाही. हुकूम आमचा होता. नुकसान तर झालेच, पण जड गेले ते दुसरेच. ज्या बायकांनी घरी बसून त्या कपड्याचे सूट शिवले होते त्यांच्यापैकी दोघींनी दुकानात येऊन विचारले, “सेठ, शिलाईत काही चूक झाली का?” शिलाई उत्तम होती. त्यांची मजुरी दिली, परंतु पुढच्या वर्षी त्यांतील एकीने दुसऱ्याचे काम धरले.

तपासणी आणि ऐब

लुबुंटूची तपासणी कशी होते तेही थोडे सांगितले पाहिजे. गाठ रोज नव्याने बांधली जाते. तपासनीस तीच प्रत खऱ्या यंत्रावर बसवून पाहतात : पूर्ण डिस्क देऊन, दुसऱ्या प्रणालीच्या शेजारी जागा करून, डिस्कला कुलूप लावून, आणि काहीच न बसविता नुसती पेनड्राइव्हवरून चालवून. प्रत्येक प्रयोगाची नोंद वहीत पडते : कोणी केला, कोणत्या यंत्रावर, पास की नापास. ज्या प्रयोगापुढे नोंद नाही तो झालेलाच नाही असे धरायचे. अशी वही आपल्या प्रोसेसिंगच्या धंद्यात असावी असे आम्हाला फार वाटते.

आवृत्तीसोबत एक कागद निघतो, त्यात माहीत असलेले दोष उघडपणे लिहिलेले असतात. अमुक यंत्रावर पडदा काळा दिसेल, तमुक सोय अजून नीट चालत नाही, तोवर असे करा. ऐब सांगून माल देणे आपल्यालाही शिकविलेले आहे. फरक इतकाच की ते लिहून देतात आणि आपण गिऱ्हाइकाने विचारले तर सांगतो. प्रत्येक फाइलीसोबत तिच्या तपासणीचा एक लांबलचक आकडा देतात. फाइल उतरवून घेतल्यावर आपल्या यंत्रावर तो आकडा काढायचा आणि जुळवायचा. एक अक्षरही वेगळे असेल तर ती फाइल टाकून द्यायची. उतरवून घेणाऱ्यांनी हे पाच मिनिटांचे काम कधीही टाळू नये. मित्राने दिलेल्या पेनड्राइव्हवर तर मुळीच विश्वासू नये.

माल बाहेर पडला म्हणजे काम संपले असेही नाही. २२.०४ वापरणाऱ्या जुन्या गिऱ्हाइकाला २४.०४ वर येण्याचे आमंत्रण लगेच दिले जात नाही. उन्हाळा जाऊ देतात, नव्या लोकांच्या तक्रारी गोळा करून दुरुस्त्या करतात, आणि पहिली सुधारित प्रत निघाल्यावर दार उघडतात. २४.०४ ची ही सुधारित प्रत १५ ऑगस्ट २०२४ ला ठरली होती. जुन्यावरून नव्यावर येण्याच्या वाटेतच मोठे दोष सापडले, तेव्हा तारीख दोन आठवडे पुढे, २९ ऑगस्टला गेली. एप्रिलमध्ये जी मंडळी हटून बसली ती ऑगस्टमध्ये वाकली. कोणी यात विसंगती पाहील. आमच्या समजुतीप्रमाणे हिशेब सरळ आहे : एप्रिलचे गिऱ्हाईक स्वतः चालून आलेले होते, ऑगस्टचे गिऱ्हाईक चालू दुकान घेऊन येणार होते. त्याचे चालू दुकान बंद पाडण्याचा हक्क कोणालाच नाही.

आमच्या दुसऱ्या डब्यावरही भाच्याने लुबुंटू २४.०४ बसविली. बसविण्याआधी आम्ही फाइलीचा आकडा स्वतः चष्मा लावून जुळविला, त्याला हसू आले तरी. गोदामातील ३२-बिट डबा नेटपासून तोडून ठेवला आहे. गाठींवर लावायच्या चिठ्ठ्या तो अजूनही छापतो. गल्ल्यावरच्या डब्याच्या कडेला मात्र एक पांढरी चिकटपट्टी लावून तिच्यावर ‘एप्रिल २०२७’ असे लिहून ठेवले आहे, औषधाच्या बाटलीवर असते तसे.